दरीकडची खोली

वामनरावांनी चिखलदऱ्याला बंगला घेतला ही बातमी इतवाऱ्यात पसरली तेव्हा लोक आधी हसले, मग त्यांनी कारण विचारलं आणि कारण ऐकून पुन्हा हसले. इतवारा म्हणजे अमरावतीचा भाजीबाजार. तिथं वामनरावांची अडत होती. पहाटे माल उतरवायचा, उन्हं चढायच्या आत विकून मोकळं व्हायचं, हा त्यांचा बापजाद्यापासूनचा धंदा. संत्री असो की सांभार म्हणजे कोथिंबीर, माल उद्यावर ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. अशा भाजीवाल्या माणसानं डोंगरावरची पडीक जागा घेऊन वर्षानुवर्षं ठेवायची म्हणावं, हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं.

पण वामनरावांचा हिशेब पक्का होता. छप्पन साली राज्यांच्या हद्दी बदलल्या आणि वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबईकडे जोडला गेला. तोवर नागपूर-अमरावतीचे साहेबलोक उन्हाळा आला की पचमढीला पळायचे.

"पचमढी तिकडं राहिली अन आपन इकडं आलो," वामनराव बायकोला सांगत. "आता हे मोठे लोक उन्हाळ्यात कुठं जातीन? महाबळेश्वराले? इतक्या दूर? नाही. चिखलदऱ्याले येतीन. आज नाही येनार. धा-पंधरा वर्सांनी येतीन. जमीन काय मेथीची जुडी हाये का, संध्याकाळी सुकाले? झाकून ठेवाची. लोकाईले जाग येईन तवा उघडाची."

पार्बताबाईला हे पटलं. नवऱ्याला बाजाराचा वास आधी येतो हे तिनं लग्नापासून पाहिलं होतं. ती स्वतः गावाबाहेरच्या मळ्यात शेवंती लावायची, तिची फुलं अंबादेवीपुढच्या दुकानांत जायची. मातीशी तिचा रोजचा संबंध होता. डोंगरावर आपली माती असणार, याचं तिला अप्रूपच वाटलं.

चैत्रात ती पहिल्यांदा वर गेली. परतवाड्याहून मोटार घाटाला लागली, वळणावळणानं गारवा वाढत गेला आणि वर पोचल्यावर तिनं पिशवीतून शाल काढून पांघरली. बंगला कुण्या गोऱ्या अंमलदारानं बांधलेला. जाड दगडी भिंती, वर कौलं. रस्त्याच्या अंगाला दोन खोल्या, जरा बाजूला स्वयंपाकघर. आणि मागच्या अंगाला एक मोठी खोली, तीन खिडक्यांची, पुढं लाकडी खांबांचा व्हरांडा. व्हरांड्यापुढं गवताचा लहानसा तुकडा, त्यापुढं गंजलेला कठडा, आणि मग काही नाही. खाली दरी.

"हे खोलीच सारी किंमत हाये," वामनराव म्हणाले. "बाकी नुसत्या भिती."

पार्बताबाई कठड्यापाशी गेली. खाली घारी फिरत होत्या. जन्मभर तिनं घार खालून पाहिली होती, पोट आणि पसरलेले पंख. इथं तिला घारींची पाठ दिसत होती. उन्हात ती तांबूस पाठ गोल गोल फिरत होती आणि तिच्याही खाली झाडं शेवाळासारखी चिकटलेली होती.  ती मागं सरली आणि व्हरांड्याचा खांब धरून उभी राहिली.

"भेली का?" वामनराव हसले.

"नाही," ती म्हणाली. पण त्या दिवशी ती पुन्हा कठड्याकडे गेली नाही.

वर्षं सरू लागली. साठ साली महाराष्ट्र झाला. चिखलदऱ्याला एस.टी.च्या फेऱ्या वाढल्या, सरकारी विश्रामगृहाला नवा रंग लागला, बाजूच्या जागा कुणी कुणी घेऊ लागले. मे महिन्यात वामनराव बंगला पाहुण्यांना देत. अकोल्याचे वकील, यवतमाळचे डॉक्टर यायचे, पोरं व्हरांड्यात पत्ते कुटायची. इतवाऱ्यात जे हसले होते तेच आता दुकानावर बसून विचारू लागले, "वामनराव, तिकडं एखांदा तुकडा भेटन का?" वामनराव मान हलवायचे आणि म्हणायचे, "मी इकतच नाही. आता कुठं पीक धरून राहिलं."

पावसाळ्यात बंगला बंद असायचा. दिवाळीआधी दोघं वर जाऊन साफसफाई करत. अशाच एका खेपेला पार्बताबाई व्हरांड्यापुढचं गवत खुरप्यानं काढत होती, तेव्हा खुरपं एकदम आत गेलं. तिनं गवत बाजूला केलं. जमिनीत एक भेग होती. टाचेला पडते तेवढीच, पण लांब. एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे गेलेली.

वऱ्हाडातल्या बाईला भेगांचं नवल नसतं. काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की वासराचा पाय जावा. पण पाऊस पडला की ती पुन्हा मिटते. आणि ही माती तांबडी होती, मुरमाड. वर सारा पावसाळा नुकता होऊन गेलेला. जगातल्या भेगा मिटायच्या दिवसांत ही उघडली होती. पार्बताबाई खुरपं हातात धरून तशीच बसली. 

वामनरावांनी येऊन पाहिलं. "भेग हाये. मातीले पडतेच."

"काळी माती उन्हाळ्यात फाटते अन पावसात मिटते," ती म्हणाली. "हे पावसात फाटली जी."

त्यांनी भेगेत काडी घालून पाहिली. मग त्यांनी गडी लावून टोपल्यांनी मुरूम आणवला, भेग भरली, वरून धुमस मारून ठोकली आणि हिरवळ थापली. दुसऱ्या दिवशी तिथं काही होतं हे सांगूनही पटलं नसतं.

पुढच्या वर्षी भेग तिथंच होती. मुरूम आत बसला होता. आता तिची दोन्ही टोकं कड्याकडे वळली होती, विळ्यासारखी. विळ्याची पाठ व्हरांड्याखाली शिरली होती, आणि मधला सारा तुकडा, व्हरांडा आणि खोलीचा पुढचा भाग, त्या विळ्याच्या पोटात आला होता. पार्बताबाईनं एक खडा उचलून आत सोडला. टक्, टक् आवाज झाला, मग थोड्यानं अगदी बारीक, मग काहीच नाही. तिनं कान लावला. खडा थांबल्याचा आवाज काही आला नाही.

वामनरावांनी पुन्हा मुरूम भरला. या खेपेला गडी लावला नाही, स्वतःच भरला. घामेघूम होऊन ते वर आले आणि हात धुताना म्हणाले, "याचं नाव तोंडातून काढाचं नाही. मायरी नाही, बाजारात नाही. लोकाईच्या कानावर गेलं तं सारं मातीत जाईन."

"मातीतच तं चाललं," ती पुटपुटली. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं नसल्यासारखं केलं.

त्यानंतर पार्बताबाईचे पावसाळे बदलले. अमरावतीच्या घरावर पाऊस वाजू लागला की तिच्या डोळ्यांपुढं ती बंद खोली यायची. तीन खिडक्या, बाहेर धुकं, आणि खाली जमिनीच्या आत कुठंतरी पाणी उतरत चाललेलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा. मग ती स्वतःला समजवायची की पावसाळ्यात तिथं कुणी नसतं. कुलूप असतं. पडली तर खोलीच पडेल, माणूस नाही. या एका गोष्टीवर तिनं पावसाळे काढले.

चौसष्ट सालच्या चैत्रात अकोल्याहून जानराव आले आणि ती गोष्टही गेली.

जानराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, नुकतेच निवृत्त झालेले. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतलेलं घर. पांढरा सदरा, हळू बोलणं, समोरच्याचं पूर्ण ऐकून मगच उत्तर देणं. त्यांना बंगला विकत हवा होता. पाहुण्यांसाठी दोन खोल्या ठेवायच्या, जेवणाची सोय करायची आणि आपण तिथंच राहायचं. वामनरावांच्या मनात अजून काही वर्षं थांबायचं होतं, असं ते सगळ्यांना सांगत आले होते. पण जानरावांना ते लगेच हो म्हणाले. पार्बताबाईनं ते ऐकलं आणि का ते तिला समजलं.

सौद्याच्या दिवशी जानरावांची बायको चतुराबाई अमरावतीच्या घरी स्वयंपाकघरात पार्बताबाईजवळ येऊन बसली. ठसठशीत, हसऱ्या तोंडाची बाई.

"आमी बाराही मयने तिथं राहू," ती म्हणाली. "अकोल्याच्या उनानं मी अर्धी झाली, बाई."

"पावसाळ्यातबी?" पार्बताबाईनं विचारलं.

"मंग? पावसाळ्यातच तं पाहाचं म्हनते हे. ढग घरात येते म्हने." मग चतुराबाईचा आवाज खाली आला. "गावात आमच्या यायनं जमीन मांगतली होती. पैसे हातात घेऊन फिरले. कोनी देली नाही. आमाले कोन देते? वर डोंगरावर साहेबाची जागा, तिले गावकी नाही. तुमच्या मालकानं एका शब्दात हो म्हनलं. यायच्या डोयात पानी आलं त्या दिवशी."

पार्बताबाईनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. तेवढ्यात बाहेरून वामनरावांनी चहाला आवाज दिला आणि ती कपबशा घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी दुकानावर गर्दी सरल्यावर तिनं विचारलं, "त्याईले सांगतलं का?"

"कायचं?"

"भेगेचं."

वामनराव तराजूची दोरी नीट करत होते. "धा वर्सं काही होत नाही तिले."

"अन झालं तं?"

"झालं तं झालं. ते कोनाकडं जातीन बोंबलाले? त्याईचं कोन आयकते?"

ते रागानं बोलले नव्हते. भेंडीचा भाव सांगावा तसं सांगितलं होतं. पार्बताबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. या माणसासोबत तिनं अर्धं आयुष्य काढलं होतं, त्याच्या ताटात जेवली होती, आणि या आवाजाला ती ओळखत नव्हती. कड्याच्या टोकावर पायांखालची जमीन सुटल्यासारखं वाटतं, तसं तिला तिथं, सपाट जमिनीवर, इतवाऱ्याच्या मधोमध वाटलं.

वैशाखात जानराव-चतुराबाई बंगल्यात राहायला गेले. आषाढ लागला तो झोडपतच. परतवाड्याहून भाजीच्या गाड्या उशिरा येऊ लागल्या. गाडीवाले सांगायचे, घाटात दरड आली, झाडं पडली, वर तर सूर्य पाहून किती दिवस झाले. पार्बताबाईला अन्न जाईना. एका सकाळी तिनं अचलपूरला भावाकडे जाते म्हणून सांगितलं, पिशवीत एक लुगडं टाकलं आणि एस.टी.त बसली. अचलपूर आलं, ती उतरली नाही. परतवाड्याला गाडी बदलून घाटाच्या गाडीत बसली.

घाटात पुढचं काही दिसत नव्हतं. ड्रायव्हर मान बाहेर काढून गाडी हाकत होता. रस्त्यावरून तांबडं पाणी आडवं वाहत होतं. पार्बताबाईनं पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. तिला घाटाची भीती वाटत होती, घरी गेल्यावर काय होईल याची वाटत होती, आणि वर पोचायच्या आधीच सारं होऊन गेलं असेल, याची सगळ्यांत जास्त.

बंगला उभा होता. चुलीचा धूर कौलांतून निघून धुक्यात मिसळत होता. चतुराबाईनं दार उघडलं आणि तिला मिठीच मारली. "इतक्या पावसात? मालक कुठं हायेत? या, पाय धुवा, च्या मांडतो."

चहा घेता घेता पार्बताबाईनं मान वळवून पाहिलं. दरीकडच्या खोलीत दोन पलंग होते. खिडकीपाशी टेबलावर बाबासाहेबांची तसबीर, पुढं ताजी फुलं. नवराबायको तिथंच झोपत होते.

तिनं सांगितलं. भेग कधी दिसली, कुठून कुठं गेली, कितीदा भरली, सगळं. 

जानरावांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वामनरावांनी पाठवलं तुमाले?"

"नाही. त्याईले माईत नाही."

"बाई, एक इचारतो, राग मानू नका." त्यांचा चेहरा बदलला होता. "बाजूच्या जागेवाले आमच्याशी बोलत नाहीत. आमी आल्यापासून विहिरीवर कुरबूर आहे. आता तुमी येऊन सांगून राहिल्या की हे घर सोडा. कोनी सांगतलं तुमाले यायले? त्याईनं?"

पार्बताबाईला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं. आपण खरं सांगायला आलो आणि ते खोटं वाटतंय. आणि यात या माणसाची काहीच चूक नाही, असंच आजवर त्याच्याशी सगळे वागत आले. ती उठली, पावसात व्हरांड्यापुढं गेली. हिरवळ सारखी होती. वामनरावांनी विकण्याआधी भेग नीट भरून घेतली होती. तिनं हातांनी ओरबाडलं, मुरूम लागला, घट्ट.

"पाहा, मुरूम हाये," ती म्हणाली. जानराव व्हरांड्यातून पाहत होते. मुरूम तर साऱ्या डोंगरावर होता.

ती चिखलानं भरलेले हात घेऊन आत आली. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तुमाले खरं नाही वाटत तं नका मानू," ती म्हणाली. "तुमी दोघं समोरच्या खोलीत झोपा. मी या खोलीत राहातो. पाऊस उघडेपर्यंत राहातो. तुमचंच जेवतो. मंग तं पटन, का मले तुमचं घर नाही पाहिजे."

आणि ती दरीकडच्या पलंगावर जाऊन बसली. तिचे गुडघे थडथडत होते. पलंगाचा पाय त्यासरशी फरशीवर वाजत होता. तिनं हातानं गुडघे दाबले, तरी थांबेनात.

चतुराबाई दारात उभी राहून हे बघत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "उठवा पलंग. खोटं बोलनारं मानूस असं कापत नाही."

दिवस मावळायच्या आत त्यांनी सगळं सामान रस्त्याकडच्या खोल्यांत आणलं. तसबीर चतुराबाईनं स्वतः उचलून आणली. सकाळी पाऊस जरा थांबला तेव्हा जानरावांनी कुदळ घेतली आणि पार्बताबाईनं दाखवलेल्या जागी खणलं. मुरमाचा थर फुटला. त्यांनी कौलांच्या पन्हाळीचं पाणी तिकडे वळवलं. पाणी त्या फटीत शिरत राहिलं.  फट काही भरली नाही.

त्यांनी कुदळ खाली ठेवली आणि पार्बताबाईला हात जोडले. 

जानराव तिच्याबरोबरच अमरावतीला आले. वामनरावांसमोर बसून शांतपणे म्हणाले, "मी बोंबलनार नाही. माझे पैसे परत करा, जागा परत घ्या. पन पुढच्या मानसाले तुमी सांगसान. सांगतलं नाही तं मंग मी इतवाऱ्यात उभा राहून सांगीन."

वामनरावांनी मान खाली घालून व्यवहार परत फिरवला, जानराव-चतुराबाई अकोल्याला परतले. वामनराव बायकोशी एक शब्दही बोलले नाहीत. जेवायला बसायचे, उठायचे. तिच्याकडे नजर जायची ती भिंतीकडे जावी तशी. असं कितीतरी दिवस चाललं. पार्बताबाईला वाटायचं, यापेक्षा ओरडले असते तर बरं. घरात पाय वाजला तरी ती दचकायची.

भाद्रपदात एका सकाळी ते म्हणाले, "मी वर जातो. त्या खोलीत राहून येतो. आठ दिवस राहिलो अन काही झालं नाही, मंग जानराव काय म्हनतीन अन तू काय म्हनशील ते पाहू."

त्यांनी हे रागानं ठरवलं होतं, की मनात दडलेली भीती मोडायला, हे तिला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं.

"मी येतो संगं," ती म्हणाली.

"नको."

"येतो."

वर सतत धुकं होतं. वामनरावांनी दरीकडच्या खोलीत अंथरूण टाकलं. ती दाराच्या अलीकडे, समोरच्या खोलीत पडायची, दार उघडं ठेवून, त्यांचा श्वास ऐकत. भिंतीत बारीक काहीतरी कुरकुरायचं. उंदीर असतील, ती मनाशी म्हणायची. उंदीर नव्हते हे तिला ठाऊक होतं. दिवसा वामनराव व्हरांड्यात बसून विड्या ओढत. त्यांचा चेहरा ओढला होता. जोरात बोलायचे, हसायचे, आणि उठताना मात्र खांबाला हात लावून उठायचे.

एका सकाळी ते व्हरांड्यात दाढी करायला बसले. खांबाला आरसा टांगला होता, गालांना साबण लावलेला. पार्बताबाईनं वारा येतो म्हणून मधलं दार ओढलं. दार मध्येच अडलं. काल ते एका बोटानं लागलं होतं. तिनं जोर लावला, दार हलेना. तिनं वर पाहिलं. चौकट तिरपी झाली होती. चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीत एक रेघ वर गेली होती आणि तिच्यातून बारीक भुकटी पडत होती, पीठ चाळावं तशी.

तिनं हाक मारली.  "आवो, इकडं या."

"दाढी होऊ दे."

"आता या. दार अडलं."

"पावसानं फुगलं असन." वस्तरा गालावरून सरकला.

ती धावत त्यांच्याकडे जाऊ शकली असती. पण ओढलं तर ते ओढून धरतील, भांडतील, तिथंच बसतील, हे तिला माहीत होतं. हा माणूस भीतीनं उठणार नव्हता. कशानं उठतो ते तिनं जन्मभर पाहिलं होतं. तिनं आवाज साधा केला. कसा केला हे तिला पुढं कधी सांगता आलं नाही.

"फाटकापाशी मोटार थांबली," ती म्हणाली. "अकोल्याची मानसं दिसते. बंगला इकनं हाये का म्हनून इचारून राहिले."

वामनराव उठले. वस्तरा ठेवला, पंच्यानं एक गाल पुसला, खुंटीवरची टोपी घेतली आणि झपाझप खोलीतून, समोरच्या खोलीतून, अंगणातून फाटकाकडे गेले. ती त्यांच्या मागं, अगदी पाठीला हात टेकवून. फाटकाबाहेर रस्ता ओला होता. धुकं होतं. कुणी नव्हतं.

"कुठं हायेत?" ते वळले.

मोठा आवाज असा झाला नाही. कापसाचं भलंमोठं बोचकं गाडीवरून खाली टाकावं तसा धप्प आवाज आला आणि पायांखालची जमीन एकदा हलली. मग कौलं पडू लागली, एकामागून एक. मग दगड, खूप खाली, खूप वेळ. समोरच्या खोलीचं मधलं दार तसंच अर्धवट अडून उभं होतं आणि त्याच्यापलीकडे पांढरं धुकं होतं. खोली नव्हती, व्हरांडा नव्हता, आरसा टांगलेला खांब नव्हता.

वामनराव एका गालावर साबण घेऊन उभे होते. पावसाचे थेंब पडून साबण गळ्याशी ओघळत होता. त्यांनी गिऱ्हाइकाबद्दल पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळानं ते तिथंच रस्त्याच्या कडेला ओल्या दगडावर बसले आणि पार्बताबाईचा पदर मुठीत धरला. तो त्यांनी परतवाड्यापर्यंत सोडला नाही. गाडीतल्या लोकांसमोर तिला लाज वाटली, पण तिनंही सोडवून घेतला नाही.

त्यानंतर वामनराव बदलले, पण कुणाला पटकन कळावं असं नाही. दुसऱ्याच्या माडीवर चढायचं टाळू लागले. पुलावरून जाताना मधोमध चालायचे. बंगल्याच्या उरलेल्या दोन खोल्या त्यांनी पाडल्या आणि काठापासून बरंच मागं तारेचं कुंपण घातलं. कुणी जागा विचारायला आलं की आधी कुंपणापाशी नेऊन सगळं सांगायचे. ऐकून लोक निघून जायचे.

दोन वर्षांनी जानरावांचं पत्र आलं. चिखलदऱ्यालाच, रस्त्याच्या पलीकडे, आतल्या बाजूला त्यांनी एक तुकडा ठरवला होता. घेण्याआधी वामनरावांनी आणि बाईंनी येऊन पाहावा, अशी विनंती होती. वामनरावांनी पत्र दोनदा वाचलं.

"कावून बलावते ते मले?" ते म्हणाले. "काय तोंडानं जाऊ?"

"ह्याच तोंडानं," पार्बताबाई म्हणाली.

ते गेले, तेही श्रावणात, ऐन पावसात. जानरावांबरोबर सारा तुकडा पायांखाली घातला. गुडघे टेकून गवत बाजूला केलं, पाणी कुठून येतं नि कुठं जातं ते पाहिलं, ओल्या जमिनीवर हात ठेवून किती वेळ तसेच राहिले. जानराव छत्री धरून बाजूला उभे होते. घाई करत नव्हते.

"घ्या," वामनराव शेवटी म्हणाले. "ह्या जमिनीत काही नाही." मग जरा थांबून, जानरावांकडे न पाहता म्हणाले, "मी तवा सांगतलं नाही तुमाले."

"हो," जानराव म्हणाले. "नाही सांगतलं."

 जानरावांनी छत्री जरा त्यांच्या बाजूला सरकवली. दोघं तसेच रस्त्यापर्यंत चालत आले. रस्त्यावर पार्बताबाई आणि चतुराबाई टपरीच्या छपराखाली उभ्या होत्या. चतुराबाई विचारत होती, इथल्या गारव्यात शेवंती येते का, आणि पार्बताबाई सांगत होती की येईल, पण फुलायला उशीर लागेल.